तलवारीवरचं नाव खरं की खोटं? तोक्योतल्या शिन्सा सर्व्हिसचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा मिळून आहे. एक म्हणजे जुनी जपानी तलवार कोणी घडवली हे तपासून कागद देणारी 'शिन्सा' नावाची सेवा, जी तोक्योत र्‍योगोकुला एनबीटीएचके ही संस्था चालवते, आणि दुसरं त्याच इमारतीतलं त्यांचं तलवारींचं म्युझियम. आधीच सांगते, मी काही तलवारवाली नाही, शौक नवऱ्याचा आहे, मी फक्त पैसे कुठे चाललेत ते बघायला सोबत गेले आणि मग मलाच त्याच्यापेक्षा जास्त नाद लागला. इथे राहणाऱ्या मराठी लोकांपैकी हल्ली दोघातिघांनी विचारलं की आम्हालाही एखादी घ्यायची आहे, कुठून घ्यावी, फसवतात का, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

तर आमची वस्तू म्हणजे एक वाकिझाशी. पूर्ण लांबीच्या तलवारीला काताना म्हणतात, तिचं पातं ६० सेंटीमीटरच्या वर, आणि ३० ते ६० मध्ये असेल तर वाकिझाशी. आमचं पातं ५२ सेंटीमीटरचं. मूठ काढली की पात्याचा जो भाग आत जातो त्याला नाकागो म्हणतात आणि लोहाराने सही केली असेल तर ती तिथे असते, छिन्नीने कोरलेली. आमच्यावर एका बाजूला सहा अक्षरं, 'बिशू ओसाफुने सुकेसादा', म्हणजे बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावचा सुकेसादा, आणि दुसऱ्या बाजूला तारीख, दाइएइ ६ वं वर्ष, आठवा महिना. दाइएइ ६ म्हणजे १५२६. नवरा लगेच म्हणाला, अगं पानिपतच्या वर्षातली आहे! (आपलं १७६१ वालं नव्हे, बाबराचं पहिलं.) बस, तिथेच तो विकला गेला, तलवार नंतर विकली गेली.

ज्या दुकानातून घेतली त्याचं नाव लिहीत नाही. दुकानदार अतिशय गोड बोलणारा, चहा वगैरे, आणि किमतीच्या पट्टीवर लोहाराचं नाव लिहिलेलं, 'योसोझाएमोन सुकेसादा'. कागद नव्हता. म्हणजे एक कागद होता, तोरोकु-शो, आणि तो त्याने असा काही दोन्ही हातांनी समोर ठेवला की वाटावं हेच सर्टिफिकेट. इथे नीट वाचा कारण नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तोरोकु-शो म्हणजे फक्त नोंदणी. जपानात तलवार ठेवायची तर ती प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंदलेली पाहिजे, त्या कार्डावर लांबी, बाक, खिळ्याची भोकं किती आणि सही काय वाचली ते लिहितात. सही खरी आहे असं ते कार्ड कुठेच म्हणत नाही. सुकेसादाची नक्कल आणली असती तरी त्यावर सुकेसादा हेच लिहिलं असतं. ते कार्ड तलवारीसोबतच फिरतं, मालक बदलला की २० दिवसांत कळवायचं असतं, आणि परदेशी माणूस इथे राहत असेल तरी घेऊ शकतो, एवढाच त्याचा उपयोग. भारतात न्यायची म्हटलं तर इथून वेगळं परवानगीपत्र, तिकडे कस्टम आणि आर्म्स ॲक्ट, आम्ही तो विषयच काढला नाही.

आता सुकेसादा कोण हा मुद्दा, कारण यातच सगळी गंमत आहे. सुकेसादा हा एक माणूस नाही. पंधराव्या सोळाव्या शतकात ओसाफुनेत या नावाने सही करणारे लोहार डझनावारी होते. तेव्हा जपानभर लढाया चालू, प्रत्येक सरदाराला शेकड्याने तलवारी हव्यात, चीनला निर्यात वेगळी, मग ओसाफुनेच्या भट्ट्यांतून ढिगाने माल निघायचा आणि त्यावर सुकेसादा किंवा कियोमित्सु किंवा कात्सुमित्सु असं घराण्याचं नाव पडायचं. बाजारात दिसेल ती चप्पल कोल्हापुरी म्हणून विकतात ना, तसंच, फरक एवढाच की इथे गाव खरंच तेच असायचं. पण त्याच लोहारांकडे एखादा मोठा माणूस स्वतःच्या नावाने खास ऑर्डर द्यायचा तेव्हा काम वेगळं व्हायचं, पोलाद वेगळं, वेळ वेगळा, आणि सही पण लांबलचक, 'बिझेन नो कुनी जू ओसाफुने योसोझाएमोन नो जो सुकेसादा साकू' अशी, म्हणजे त्यात लोहाराचं स्वतःचं घरगुती नाव यायचं. योसोझाएमोन नो जो हा त्या सगळ्यांतला नावाजलेला, हिकोबेइ आणि गेन्बेइ हे आणखी दोन. आणि किमतीत फरक इतका की विचारू नका.

आता आमच्या पट्टीवर योसोझाएमोन, आणि नाकागोवर ते नाव कुठे आहे? कुठेच नाही! सहा अक्षरांची छोटी सही, जी सहसा ढिगाच्या मालावर असते. मी दुकानात हे विचारलं तर दुकानदार म्हणाला काळ तोच आहे, हात तोच वाटतो. वाटतो. म्हणून मी नवऱ्याला सरळ सांगितलं की घ्यायची असेल तर ढिगाच्या सुकेसादाच्या भावाने घे, पट्टीवरच्या नावाचे पैसे द्यायचे नाहीत, आणि घासाघीस करून अडीच लाख येनला ठरलं. जपानात घासाघीस चालत नाही म्हणतात, जुन्या वस्तूंत चालते, थोडी.

मग शिन्सा. एनबीटीएचके म्हणजे निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई, १९४८ ची संस्था. जपान दुसरं महायुद्ध हरल्यावर अमेरिकन सैन्याने देशभरातल्या तलवारी गोळा करायला सुरुवात केली होती, तोक्योत आकाबानेच्या डेपोत त्यांचे ढीग लागले होते, बऱ्याच वितळवल्या गेल्या, समुद्रात टाकल्या, सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. तेव्हा होनमा जुन्जी आणि सातो कान्झान या जाणकारांनी कर्नल कॅडवेल नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याला पटवलं की यातल्या काही वस्तू हत्यार नाहीत, कला आहेत. त्यातून नोंदणीची पद्धत आली आणि ही संस्था पण. म्हणजे "ही तलवार काय आहे" हे ठरवणं हा त्यांचा जोडधंदा नाही, त्यासाठीच ती जन्मली, आणि हे तिथे गेल्यावर जाणवतं.

पद्धत सोपी आहे. ठरलेल्या तारखांना तलवार आणि तोरोकु-शो घेऊन जायचं, फॉर्म भरायचा, तलवार ठेवून यायची, आणि मग काही महिने विसरून जायचं. फी आणि तारखा त्यांच्या साइटवर असतात, बदलतात, म्हणून आकडा लिहीत नाही. ट्रेनमधून नेताना साध्या लाकडी म्यानात, कापडी पिशवीत, वरून आणखी एक बॅग, चटकन उपसता येणार नाही अशी बांधलेली, आणि कार्ड जवळच. मला वाटलं होतं पोलीस अडवतील, कोणी ढुंकून बघितलं नाही.

कागदाच्या चार पायऱ्या आहेत: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो. पहिल्या दोन आपल्यासारख्यांसाठी, वरच्या दोन म्हणजे गर्भश्रीमंतांचं आणि म्युझियमचं जग. सही खोटी वाटली तर कागद मिळत नाही, तलवार तशीच परत. सही नसलेल्या तलवारीला पण कागद मिळतो हे मला आधी विचित्र वाटलं होतं. लांब तलवारी पुढच्या पिढ्यांनी मुठीकडून कापून आखूड केल्या, त्यात सही असलेला तुकडाच गेला, अशा कितीतरी आहेत. मग परीक्षक पोलादाचा पोत आणि धार बघून लोहार किंवा निदान घराणं ठरवतात आणि कागदावर कंसात लिहितात, कधी 'देन' असा शब्द जोडतात, म्हणजे त्या वळणाची आहे पण छातीठोक सांगत नाही.

सही नाही म्हणजे माल हलका, असं बिलकुल नाही. २०२० मध्ये सेतोउची शहराने, म्हणजे ओसाफुने ज्या शहरात येतं त्याने, उएसुगी केन्शिन या सोळाव्या शतकातल्या सरदाराची म्हणून प्रसिद्ध असलेली सान्चोमो नावाची तलवार ५० कोटी येनला घेतली, लोकांकडून देणग्या जमवून. राष्ट्रीय ठेवा आहे तो. त्यावर सही नाही!

आणि सही असली तरी विश्वास ठेवू नका. तलवारवाल्यांत म्हणतातच की कोतेत्सु दिसली की खोटी समजा. कोतेत्सु हा सतराव्या शतकातला एदोचा, म्हणजे जुन्या तोक्योचा लोहार, आधी चिलखतं करायचा, इतका गाजला की त्याच्या हयातीतच नकला सुरू झाल्या. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं, मराठ्यांच्या फिरंगी तलवारींच्या पात्यांवर आंद्रेआ फेरारा अशी इटालियन नावं सापडतात, त्यातली कितीतरी तिकडून कधी आलीच नाहीत. नाव कोरायला एक छिन्नी पुरते.

मग खरं-खोटं ठरवतात कशावरून? हे मला कागदाने सांगितलं नाही, तो ते सांगतच नाही. तिथल्या एका अभ्यासमंडळात जायला मिळालं तेव्हा थोडं कळलं. पहिलं म्हणजे गंज. पाचशे वर्षांचा गंज काळपट तपकिरी, गुळगुळीत, खोलवर मुरलेला असतो, मुद्दाम चढवलेला लालसर आणि ठिगळासारखा. सहीच्या रेघांच्या आतला गंज आणि बाजूचा गंज एक वयाचा पाहिजे, आत ताजा दिसला की संपलं. म्हणून नाकागो कधीही, कधीही घासायचा नाही, तेल लावून चकाचक करायचा नाही. ऑनलाइन बघते मी, लोक आजोबांची म्हणून तलवार दाखवतात आणि आधी ब्रासोने नाकागो लख्ख करून ठेवलेला असतो, अरे बाबांनो तुम्ही पुरावा पुसलात. दुसरं म्हणजे कानशीच्या खुणा, प्रत्येक घराण्याची कानस चालवायची तिरपी दिशा ठरलेली. तिसरं अक्षर, पण ते वाचायचं नाही, बघायचं. छिन्नी कुठे टेकली, कुठे जोर दिला, कोणत्या बाजूने रेघ ओढली. खात्रीच्या सह्यांचे कागदावर घेतलेले ठसे असतात, त्यांना ओशिगाता म्हणतात, त्यातल्या एकेका रेघेशी ताडून बघतात. सुकेसादा इतके असताना हे काम किती किचकट असेल विचार करा.

पण खरा निकाल पात्यावर लागतो. लोहार धारेला पाणी देतो तेव्हा मातीचा लेप पातळ-जाड लावून देतो, त्याने धारेजवळ पांढुरकी नागमोडी पट्टी उमटते, तिला हामोन म्हणतात. त्या काळातल्या ओसाफुनेच्या हामोनच्या लाटा बुडाशी रुंद आणि वर टोकाला दुभंगलेल्या असतात, खेकड्याच्या नांगीसारख्या, आणि त्यांना नाव पण खेकड्याच्या नांगीचंच आहे. सही म्हणते सुकेसादा आणि पातं म्हणतं दुसरंच काही, तर पात्याचं ऐकायचं. मंडळात तर नाकागो झाकूनच ठेवतात! तलवार हातात घ्यायची, आधी मान लवून नमस्कार, पात्याला बोट लावायचं नाही, त्यावर तोंड करून बोलायचं नाही, आणि मग चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहून द्यायचं. उत्तर येतं ते एका शब्दात. 'आतारी' म्हणजे बरोबर, 'दोझेन' म्हणजे जवळजवळ तोच, त्याचा मुलगा किंवा शिष्य, आणि 'इया' म्हणजे नाही हो नाही. पंचाहत्तरीचे आजोबा हातात घेऊन अर्ध्या मिनिटात लिहितात आणि बरोबर येतं. नवऱ्याला 'इया' आला. मला पण. पण एकदा त्याला दोझेन आला, तेव्हापासून घरात बोलायची सोय नाही.

तारखेबद्दल एक सांगायचं राहिलं. जुन्या तलवारींवर महिना बघाल तर बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवा. म्हणजे सगळ्या जपानने फक्त दोनच महिने काम केलं असं नाही, तो रिवाज होता. त्यामुळे आमचं १५२६ ठीक, पण आठव्या महिन्यातच घडली असं मी कोणाला सांगत नाही. नवरा सांगतो.

तर आमचा निकाल. होझोन मिळालं. कागद म्हणजे घडी घातलेलं एक मोठं जाड पान, त्यावर नाकागोचा फोटो, संस्थेचा शिक्का, लांबी, आणि सही जशी आहे तशी: बिशू ओसाफुने सुकेसादा, मागे तारीख. म्हणजे सही खरी. योसोझाएमोनचा पत्ता नाही, असणारच नव्हता, कागदावर तेवढंच येतं जेवढं लोखंड बोलतं. कोणता सुकेसादा? सोळाव्या शतकातला, ओसाफुनेतला, त्या डझनावारींतला एक. १५९० च्या सुमारास योशिई नदीला पूर येऊन ते लोहारांचं गाव जवळजवळ संपलंच, आमच्या माणसाचं वेगळं नाव शोधायचं तर कुठे शोधणार. मला तरी यात वाईट काही वाटलं नाही. नवऱ्याचं तोंड मात्र दोन दिवस उतरलेलं.

या सेवेकडून काय अपेक्षा ठेवू नये ते स्पष्ट लिहिते. कारणं मिळत नाहीत, निकाल मिळतो. किंमत पण मिळत नाही. एदो काळात होनआमी घराणं पिढीजात हेच काम करायचं, त्यांच्या कागदावर तलवारीची किंमत सोन्याच्या नाण्यांत लिहिलेली असायची, आताच्या कागदावर तसलं काही नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर तोच आकडा दुकानदारांनी पट्टीवर छापला असता. जुने कागद असलेली तलवार दाखवली तर वर्ष बघा, १९८२ च्या आधीच्या पद्धतीच्या कागदांवर बाजारात भरवसा कमी आहे, तशा तलवारी लोक पुन्हा शिन्साला देतात. आणि शिन्साच्या आधी चमकवायला म्हणून पॉलिशवाल्याकडे देऊ नका, आधी विचारा. प्रत्येक पॉलिशला थोडं पोलाद जातंच, महाग असतं, आणि कच्च्या माणसाने केलं तर पात्याचा आकारच जातो. आमचा रिकामा खर्च तेवढा तरी वाचला.

म्हणजे पैसे वसूल का? माझ्या मते हो. पाचात साडेचार. अर्धा का कापला, तर फॉर्म, नियम, निकाल सगळं जपानीत, ज्याला वाचता येत नाही त्याने जपानी मित्र धरून न्यावा किंवा एजंट गाठावा, त्याचे पैसे वेगळे. पण खरं सांगायचं तर पहिली तलवार घेणाऱ्याने हे सगळं करूच नये, ज्याला आधीच कागद आहे अशीच घ्यावी, पाचपन्नास हजार जास्त गेले तरी. कागद नसलेली चांगली तलवार दुकानात पडून आहे तर दुकानदाराने स्वतःच का नाही पाठवली, हा प्रश्न विचारा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

म्युझियमला पाचात पाच. तलवार घ्यायची नसली तरी जा. आधी योयोगीला होतं, २०१८ च्या जानेवारीत र्‍योगोकुला आलं, जुन्या यासुदा बागेच्या कडेला, इमारत वास्तुकार फुमिहिको माकी यांची. प्रदर्शन वरच्या मजल्यावर, एकच दालन, वस्तू थोड्या, आणि तेच छान, डोकं भणभणत नाही. खाली माहितीचा कोपरा आणि छोटं दुकान, तिथे तिकीट लागत नाही. वरच्या गच्चीवरून बागेतलं तळं दिसतं. बघायची एक युक्ती आहे, काचेसमोर सरळ उभं राहून नुसतं चकचकीत लोखंड दिसतं, गुडघे वाकवून खाली व्हा आणि दिव्याचं प्रतिबिंब धारेवर आणा, मग हळूहळू बाजूला सरका, हामोन एकदम जिवंत होतं, धुक्यासारखे कण दिसायला लागतात. सगळी जपानी माणसं काचेसमोर उठाबशा काढताना दिसतील, हसू नका, तुम्ही पण काढा. तरुण मुलींची गर्दी बघून नवल वाटेल, एका ऑनलाइन गेममध्ये तलवारींचे देखणे हिरो केलेत त्याचा हा प्रताप, पण त्या मुलींना लोहारांची नावं, घराणी, सगळं तोंडपाठ असतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एकीने बिझेनची हामोन कशी ओळखायची ते मला इतकं नीट सांगितलं की दुकानदाराच्या चहापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

निशी-कासाईहून (तोक्योतली आपली भारतीय वस्ती) जाणाऱ्यांसाठी: तोझाई लाइनने मोन्झेन-नाकाचो, तिथून ओएदो लाइनने र्‍योगोकु. शेजारीच सुमोचं कोकुगिकान, यासुदा बाग फुकट, मुलांना तिथे सोडून आळीपाळीने आत जाता येतं. सोमवारी बंद, आणि प्रदर्शन बदलायच्या मधल्या दिवसांत पण बंद असतं, तेव्हा निघायच्या आधी साइट बघा.